लांब वळणात ऑइलचा लाल दिवा लुकलुकतोय, चेंबरला (इंजिनाखालची ऑइलची टाकी) बॅफल, म्हणजे आत ऑइल अडवणारा पत्रा, मारून घेऊ का?

एस्टीम_तेराशे:
मंडळी जरा मदत पाहिजे. माझ्याकडं जुनी एस्टीम आहे, १.३ चं इंजिन स्टॉकच, फक्त सस्पेन्शन नि एक्झॉस्ट केलंय, अधनंमधनं ट्रॅक डेला आणि ऑटोक्रॉसला पळवतो. इतकी वर्षं काही तक्रार नव्हती, यंदा सेमी-स्लिक (रेसिंगसारखे, जास्त ग्रिपचे) टायर घातले आणि आता लांब उजव्या वळणात थर्डमध्ये पाय दाबून धरला की वळण संपताना ऑइलचा दिवा क्षणभर लुकलुकतो, गाडी सरळ झाली की बंद. डिपस्टिकवर लेव्हल फुल आहे, फिल्टर नवा आहे. एक गॅरेजवाला म्हणतो लिटरभर जादा ओत, दुसरा म्हणतो पंप बदल, घरात म्हणतात गाडीच बदल. काय करू?

उद्यमनगरचा_फिटर:
भावा आधी ट्रॅकवर न्यायची बंद कर. कंपनीचा ऑइल प्रेशर स्विच दिवा लावतो तो दाब पार ०.३ ते ०.५ बारच्या आसपास पडल्यावर. जुना हिशोब असा की दर हजार आरपीएमला १० पीएसआय पाहिजे, म्हणजे ६००० ला ६० पीएसआय, चार बारच्या आसपास. तुझा दिवा लागला तोवर ते चार बार कधीच संपलेलं. आणि ६००० ला क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) सेकंदाला १०० फेऱ्या मारतो, तेवढ्या वेळात बिगएंडच्या शेलवरचा (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगवरचा) ऑइलचा पापुद्रा फाटायला कितीसा वेळ लागतोय.

पंपाचा काही दोष नाही, तुझ्या टायरनी घोळ केलाय. ग्रिप वाढली की वळणातला जोर वाढला. १ जी (गाडीच्या वजनाइतका आडवा जोर) बसला की चेंबरमधलं ऑइल ४५ अंशात तिरकं होतं, मग उजव्या वळणात सगळं ऑइल डाव्या भिंतीवर चढून बसणार आणि पंपाची ऑइल ओढायची जाळी उघडी पडून पंप हवा ओढणार. त्यात एस्टीमचं इंजिन आडवं बसवलेलं, म्हणजे चेंबरची लांब बाजू नेमकी डावी-उजवी, ऑइलला पळायला मैदानच. छोट्या वळणात ते जाऊन परत येतं, लांब वळणात तिकडंच थांबतं, म्हणून तुला शेवटी शेवटी दिवा दिसतोय.

पांढरा_रस्सा_जास्त:
ड्राय सम्प (ऑइलची वेगळी टाकी) बसव की मर्दा, विषय एंड 😄

एस्टीम_तेराशे:
@पांढरा_रस्सा_जास्त त्या पैशात अजून एक एस्टीम येईल रे, आणि टाकी डिकीत ठेवली तर स्टेपनी डोक्यावर घेऊ काय.
@फिटर दादा म्हणजे जादा ऑइल ओतून भागणार नाही?

उद्यमनगरचा_फिटर:
पाव-अर्धा लिटर वर ठेवणारे लई आहेत, थोडा आधार मिळतो, नाही म्हणत नाही. पण लिटरभर ओतलंस तर क्रँक त्यात घुसळायला लागतो, फेस होतो, आणि फेस म्हणजे परत हवाच. वर ताकद खातो ते वेगळं. शिवाय जास्त आरपीएमला बरंचसं ऑइल वर हेडमध्ये अडकून राहतं, खाली यायला वेळ लावतं, म्हणजे डिपस्टिकवर उभ्या गाडीत दिसलं ते सगळं वळणात चेंबरमध्ये असतंच असं नाही.

शिरोली_फॅब्रिकेशन:
बॅफलच मार, तुझ्या वापराला तेच बरोबर. चेंबर उतरव, जाळीच्या चारी बाजूनी पत्र्याची पेटी करायची नि तिच्या भिंतीत बिजागरीची झडपं, फक्त आत उघडणारी. ऑइल जाळीकडं येऊ शकतं, पळून जाऊ शकत नाही. नुसत्या सरळ पट्ट्या वेल्ड करून देणारे बरेच आहेत, त्यांनी अर्धंच काम होतं. काही गोष्टी मात्र बघूनच घे. वेल्डिंग टप्प्याटप्प्यानं, नाहीतर चेंबरचा फ्लँज वाकतो आणि मग कुठलाबी सिलंट लाव, गळणारच. जाळी आणि चेंबरचा तळ यात साधारण ६ ते १० मिलिमीटर राहू दे, जास्त राहिलं तर केलेल्या कामाचा अर्धा फायदा गेला. बंद करायच्या आधी पेटीवर पोरांच्या खेळण्यातली माती ठेवून क्रँक हातानं फिरव, कनेक्टिंग रॉड कुठं लागतोय का ते मातीवर लगेच उमटतं. वेल्ड गळतंय का बघायला बाहेरनं खडू फासायचा, आत रॉकेल ओतून तासभर ठेवायचं, डाग पडला तिथं भोक. सिलंट बोटभर जाड लावू नको, आत सुटलेला तुकडा थेट जाळीत जाऊन बसतो.

लॅपटाइम_लव्हर:
बॅफलसोबत प्रेशर गेज लावच, पण गाडी ओढताना गेजकडं बघायला डोळे कुणाचे रिकामे असतात, म्हणून २० पीएसआयला लागणारा वेगळा स्विच आणि डॅशवर चांगला मोठा दिवा लाव. गरम इंजिन आयडलला असताना तो पेटेल, त्याला घाबरू नको, वळणात पेटला तर पाय काढ. एवढं करूनही पेटला तर मग ॲक्युसम्प. दोन-तीन लिटरचं नळकांडं असतं, आत पिस्टन, एका बाजूला दाबलेली हवा दुसऱ्या बाजूला ऑइल, प्रेशर पडलं की हवा ऑइल ढकलून इंजिनला देते. इंजिन बंद करायच्या आधी त्याचा कॉक बंद करायचा, म्हणजे ऑइल दाबाखाली आतच राहतं आणि पुढच्या वेळी स्टार्टर मारायच्या आधी उघडलं की बेअरिंग आधीच ओली होतात. फक्त नळकांडं चेंबरमध्ये रिकामं झालेलं असताना डिपस्टिक बघून लेव्हल ठरवू नको, फसशील.

एस्टीम_तेराशे:
भारी माहिती दिलीत सगळ्यांनी. मग बॅफल, गेज, मोठा दिवा, आणि तोवर साधे टायर घालून फक्त रोडवर. चेंबर उतरवलाच तर अजून काय बघू?

उद्यमनगरचा_फिटर:
आधी जुना फिल्टर कापून कागद उलगड. हॅकसॉनं कापू नको, त्याचाच बुरा आत पडतो आणि तू उगाच घाबरशील, पत्रा कापायचं कटर घे. चकाकणारा चुरा दिसला तर लोहचुंबकावर भरवसा ठेवू नको, शेलचा मऊ धातू त्याला चिकटत नाही. मग बिगएंडच्या कॅप एकेक करून काढ, कुठली कुठं होती ते मार्क करून ठेव, उलटसुलट बसवलीस तर नवीन दुखणं. ओरखडे किंवा थर उडालेला दिसला की शेल बदलायचेच.

एस्टीम_तेराशे:
शेल स्टॉक साइजचे आत्ताच मागवून ठेवू काय दादा?

उद्यमनगरचा_फिटर:
नको. आधी उघड, क्रँक मायक्रोमीटरनं मापून घे. घासायला लागला तर अंडरसाइज (बारीक झालेल्या क्रँकला बसणारे जाड शेल) लागतील.