जिमी स्पिअर्सचं नाव यात हवंच

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या स्कॉटिश फुटबॉलपटूंची एक यादी झाली, तीत रेंजर्स-सेल्टिक या ग्लासगोच्या दोन मोठ्या क्लबांचीच नावं जास्त दिसली. त्यात जिमी स्पिअर्स हवाच, म्हणून ही भर.

ग्लासगोच्या गोव्हन भागात १८८६ मध्ये जन्म. आधी रेंजर्स, मग क्लाइड हा क्लब, आणि १९०९ मध्ये इंग्लंडात ब्रॅडफर्ड सिटी क्लबकडे. स्कॉटलंडसाठी एकच सामना, १९०८ मध्ये वेल्सविरुद्ध. पण १९११ ची एफए कप, म्हणजे इंग्लंडमधल्या मोठ्या बाद स्पर्धेची, फायनल बघा. ब्रॅडफर्डचा न्यूकॅसलविरुद्धचा पहिला सामना ०-० सुटला. चार दिवसांनी ओल्ड ट्रॅफर्डवर पुन्हा खेळले, आणि पंधराव्या मिनिटाला कप्तान स्पिअर्सने डोक्याने गोल केला. तोच एकमेव गोल! त्या संघात आठ स्कॉटिश होते. कप त्या वर्षी नवा कोरा होता आणि ब्रॅडफर्डच्याच फॅटोरिनी पेढीने घडवलेला. ज्या गावात बनला, त्याच गावात पहिल्यांदा जिंकून आणला. हे वाचलं की मला अजून भरून येतं.

१९१२ मध्ये लीड्स सिटी क्लबचा मॅनेजर हर्बर्ट चॅपमनने त्याला तिकडे नेलं. पुढे पहिलं महायुद्ध सुरू झालं. लग्न झालेलं, पदरी मुलं, सक्तीची भरतीही अजून नव्हती. तरी १९१५ मध्ये तो आपणहून कॅमरन हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीत भरती झाला. सार्जंट झाला, शौर्यासाठीचं मिलिटरी मेडल मिळालं. ऑगस्ट १९१७ मध्ये पाशेंडेलच्या लढाईत गेला, वय अवघं ३१. बेल्जियममध्ये ईप्रजवळ डोची फार्मच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.