डिजिटल एक्स-रे: चित्र स्वच्छ आहे, पण मात्रा योग्य आहे का?

प्रश्न (एक्स-रे तंत्रज्ञ, फोंडा):
नमस्कार. आमच्या छोट्या केंद्रात फिल्म जाऊन डिजिटल डिटेक्टर आला. छातीचे एक चित्र दाणेदार आल्याची तक्रार डॉक्टरांनी केली, तेव्हा मी एमएएस (ट्यूबमधला विद्युतप्रवाह आणि वेळ यांचा गुणाकार, यावर किरणांचे प्रमाण ठरते) ५ वरून १० वर नेले आणि ते तिथेच राहिले. फिल्मच्या काळात किरणांची मात्रा वाढली की फिल्म काळी पडायची आणि चूक लगेच उघडी व्हायची. आता कितीही दिले तरी पडद्यावर चित्र सुरेखच दिसते. मग रुग्णाला गरजेपेक्षा जास्त किरण मिळत आहेत, हे ओळखावे कशावरून?

उत्तर (निवृत्त तंत्रज्ञ, म्हापसा):
एमएएस दुप्पट केले की मात्रा दुप्पट होते, पण दाणेदारपणा वर्गमुळाच्या हिशेबाने, म्हणजे जेमतेम ३० टक्के घटतो, सौदा महागच. २००८ च्या आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग) मानकाप्रमाणे यंत्र प्रत्येक चित्रासोबत डीआय (डेव्हिएशन इंडेक्स, म्हणजे ठरवलेल्या मात्रेपासूनचा फरक) नावाचा आकडा देते. शून्य म्हणजे डिटेक्टरला ठरवलेली मात्रा पोचली, +३ म्हणजे साधारण दुप्पट, −३ म्हणजे निम्मी. हे आकडे वहीत उतरवून ठेवा.

उत्तर (वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ, पणजी):
सल्ला बरोबर आहे, पण डीआय डिटेक्टरवरची मात्रा सांगतो, त्वचेवरची नव्हे. कृश मुलगा आणि स्थूल गृहस्थ या दोघांचा डीआय सारखा असला, तरी गृहस्थांच्या पाठीवर पडलेली मात्रा कितीतरी अधिक असते. तिच्यासाठी डीएपी मीटर (मात्रा आणि किरणांच्या क्षेत्रफळाचा गुणाकार मोजणारे उपकरण) हवा. तो नसेल तर गुणवत्ता चाचणीच्या अहवालातले एक मीटरवरचे ट्यूब आउटपुट (दर एमएएसमागे मिळणारी मात्रा) घेऊन त्याला एमएएसने गुणावे आणि ट्यूबपासून त्वचेपर्यंतच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात दुरुस्ती करावी. आणखी एक, सॉफ्टवेअरने कडेला ओढलेली काळी चौकट काढून चित्र पाहा. खरे कोलिमेशन, म्हणजे किरणांचा झोत किती भागापुरता मर्यादित ठेवला होता ते, तिच्याआड लपते, आणि लहान मुलांच्या बाबतीत हा दोष मला एमएएसपेक्षा गंभीर वाटतो.

प्रश्नकर्ता:
शेवटची वीस चित्रे तपासली. बहुतेकांचा डीआय +२.५ ते +४ निघाला. एका बाळाच्या छातीच्या चित्रावरची चौकट काढली, तर जबड्यापासून बेंबीपर्यंत सगळे दिसले, शिवाय धरणाऱ्या आईची चार बोटेही. मूळ तक्रारीचा रुग्णही आता आठवला: चांगलाच स्थूल होता. त्याच्यासाठी वाढवलेले एमएएस मी सरसकट सगळ्यांना देत आलो. आज मध्यम बांध्याच्या रुग्णाला ६.३ दिले, डीआय +०.८ आला आणि डॉक्टरांनी काही न बोलता रिपोर्ट लिहिला.