पुन्हा: पुन्हा: दोन ऑफर हातात, तिसरीकडे वेटलिस्ट – १० तारीख की १५?

ताई, घोडबंदर रोड
बुधवार, ८ एप्रिल, रात्री १०.४०

सर्वांना नमस्कार. घाई आहे म्हणून थेट विचारते. लेकीच्या अमेरिकेतल्या केमिकल इंजिनीअरिंगच्या पीएचडीचं तुम्हाला माहीतच आहे. दोन ठिकाणच्या ऑफर फंडिंगसकट आल्या, आणि तिला मनापासून हवं असलेलं तिसरं अजून वेटलिस्टवर. आता पहिल्या ऑफरच्या पत्रात १० एप्रिलपर्यंत कळवा असं आहे, दुसरीच्या पत्रात १५. वेटलिस्टवाले हूं की चूं करत नाहीत. १० ला पहिल्यांना ‘हो’ कळवून ठेवलं आणि नंतर तिसरीकडून आलं, तर मोडता येतं का? क्लासचे सर म्हणतात, एकदा हो म्हटलं की अडकलात. माई, गेल्या वर्षीच्या वाशीच्या सत्रातला ऑफरींच्या नियम-मुदतींचा तो तक्ता तुमच्याकडे आहे ना?

नाना, कोपरी
बुधवार, रात्री ११.२५

तक्ता माईंकडे नाही, माझ्याकडे आहे. आपल्या मंडळाच्या शिक्षण समितीने केलेला आहे, तेव्हा जुन्या प्रती परस्पर फिरवू नयेत ही पुन्हा एकदा विनंती. सर बरोबर बोलतात. स्वीकारल्यावर त्या विद्यापीठाकडून लेखी मुक्तता घेतल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही. म्हणून १० ला काहीच कळवू नका. १५ ला रात्री बारापर्यंत वाट बघा आणि मग एकदाच काय ते कळवा.

वहिनी, मिनेसोटा
गुरुवार, ९ एप्रिल, सकाळी ७.१० (तुमच्याकडचे)

नाना, तुमच्या तक्त्यातली ती ओळ जुनी आहे, समितीने कृपया बदलावी. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा (इथल्या विद्यापीठांची संघटना) १५ एप्रिलचा ठराव आहे. सही केलेल्या विद्यापीठांची यादी त्यांच्या साइटवर आहे. ताई, आधी त्यात तुमची तिन्ही नावं शोधा. यादीत नाव असेल तर फंडिंगच्या ऑफरला १५ च्या आधी उत्तर द्यायला विद्यार्थी बांधील नाही. त्याआधीची मुदत घालणं ठरावाच्या हेतूला धरून नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि १५ च्या आधी हो म्हटलं असेल तरी १५ पर्यंत लेखी कळवून मागे घेता येतं. हे जुन्या मजकुरातही होतं.

लेखी मुक्ततेची अट होती ती १५ नंतरच्या बदलासाठी. आताच्या मजकुरातून तीही काढली आहे. अर्थात १५ नंतर मोडणं सभ्यपणाचं नाही आणि विभाग ते लक्षात ठेवतात. पण ‘अडकलात’ हे खरं नाही.

दोन गोष्टी मात्र तपासा. ठराव फंडिंगच्या ऑफरला लागू आहे, नुसत्या प्रवेशाला नाही. १० तारीख प्रवेशाच्या उत्तराची आहे की असिस्टंटशिपच्या (विद्यापीठात काम करून मिळणाऱ्या पगाराच्या), हे पत्रात बघा. पुष्कळदा दोन वेगळे परिच्छेद असतात. आणि ठरावावर बोट ठेवून भांडू नका. ग्रॅड कोऑर्डिनेटरला (विभागात प्रवेशाचं काम बघतात ते) तीन ओळींची मेल पुरे: ऑफरबद्दल आभार, अजून एका ठिकाणच्या उत्तराची वाट बघतेय, १५ पर्यंत वेळ मिळेल का. नव्वद टक्के हे काम एवढ्यानेच होतं (आकडा माझ्या अंदाजाचा, नानांनी तक्त्यात घालू नये).

अण्णा, वाशी सेक्टर १७
गुरुवार, सकाळी ९.०५

मोडता येतं की नाही हे नंतर. ताईंनी मला दोन्ही पत्रं काल पाठवली होती, आकडे टाकायची परवानगी आहे. पहिली ऑफर २६,००० डॉलर, नऊ महिने, टीए (शिकवण्याचं काम). दुसरी ३१,५००, बारा महिने, आरए (प्राध्यापकांच्या संशोधनातलं काम). ताई नऊला भागून महिना २,८८९ धरतायत. तसं करायचं नाही. घरभाडं बारा महिने द्यावं लागतं आणि उन्हाळ्याच्या पगाराबद्दल पहिल्या पत्रात अवाक्षर नाही.

ट्यूशन वेव्हरमध्ये फक्त ट्यूशन (शिक्षणशुल्क) माफ होते. ‘मँडेटरी फीज’ (सक्तीच्या इतर फिया) वेगळ्या, त्या पगारातून जातात. पहिल्याकडे त्या वर्षाला १,९०० आणि आरोग्यविमा २,४०० स्वतःचा. म्हणजे २६,००० वजा ४,३०० बरोबर २१,७००, भागिले बारा, महिना १,८०८. दुसऱ्याकडे विमा विभाग भरतो, फी ८००. राहिले ३०,७००, महिना २,५५८. दोन्ही करापूर्वीचे. फरक महिन्याला ७५०. कराचे केंद्रीय नियम दोघांत सारखेच: भारत–अमेरिका कराराच्या २१ व्या कलमामुळे आपल्या मुलांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, आणि सुरुवातीची पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटीची (त्यांच्या निवृत्तिवेतनाची) कपात नसते.

पहिला पगार मात्र ऑगस्टमध्ये पोचल्या पोचल्या मिळत नाही. कामावर रुजू झाल्यावर पगाराच्या चक्राप्रमाणे येतो, बऱ्याचदा सप्टेंबर उजाडतो. डिपॉझिट, पहिलं भाडं आणि सत्राची फी धरून तीनेक हजार डॉलर इथून न्यावे लागतील.

माई, नौपाडा
गुरुवार, दुपारी १.३०

अण्णांचं गणित चोख आहे, पण आरएचे पैसे येतात कुठून ते लिहिलं नाही. टीएचा पगार विभागाच्या खात्यातून निघतो. आरएचा निघतो त्या एका प्राध्यापकाच्या ग्रँटमधून, म्हणजे संशोधनासाठी मिळालेल्या निधीतून. ग्रँट तिसऱ्या वर्षी संपली आणि पुढची मिळाली नाही तर काय? म्हणून दुसऱ्याच्या पत्रात ‘पाच वर्षं’ या शब्दांच्या पुढे काय आहे ते बघा. ‘समाधानकारक प्रगती असल्यास’ हे सगळीकडेच असतं, त्याने बिचकायचं नाही. ‘निधी उपलब्ध असल्यास’ असेल तर प्राध्यापकांना आजच विचारायचं: ही ग्रँट कोणत्या वर्षापर्यंत आहे, आणि ती संपली तर विभाग टीए देईल का. उत्तर मेलवर हवं, झूमवरचं नको. त्यांच्या गटातल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या एखाद्या मुलालाही लिहा. त्याला ‘सर कसे आहेत’ विचारू नका, कोण वाईट सांगणार? असं विचारा: गेल्या पाच वर्षांत गट सोडून किती जण गेले, पदवीला किती वर्षं लागली, उन्हाळ्यात कधी पगाराविना राहावं लागलं का.

टीएला आणखी एक मेख आहे. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिकवण्यासाठी टोफेलच्या स्पीकिंगमध्ये ठरावीक गुण लागतात, नाहीतर तिथे गेल्यावर तोंडी परीक्षा. पहिल्याच्या पत्रात ती अट तळाला आहे का ते बघून ठेवा.

आणि ताई, इतक्या मेली झाल्या पण मूळ गोष्ट राहिलीच. १० की १५ हा प्रश्न पहिली ऑफर ठेवायची असेल तरच आहे. दोघींतली दुसरी बरी असं ठरलं तर पहिलीला सरळ नकार कळवा आणि १० तारीख विसरा. हातात एक ऑफर आणि एक वेटलिस्ट, याहून जास्त काही धरून ठेवू नये. वेटलिस्ट हलत नाही ती यामुळेच: प्रत्येक मूल तीन-तीन ऑफर १४ च्या रात्रीपर्यंत कवटाळून बसतं, मग सगळं १३ ते १५ मध्ये एकदम सुटतं.

तक्ता माझ्याकडेही आहे. वाशीच्या सत्राच्या आधी मीच टाइप केला होता.

सचिव
गुरुवार, दुपारी ३.००

मंडळींनो, तक्त्याच्या मालकीबद्दल कार्यकारिणीत बोलू. मंगळवार १४ ला आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे, त्यामुळे नौपाड्याचा हॉल नाही. पूर्वतयारीचं सत्र १८ ला. प्रोजेक्टर कोण आणणार?

नाना, कोपरी
गुरुवार, दुपारी ३.४०

प्रोजेक्टर माझा, पण गेल्या वेळी केबल कुणी नेली ती अजून आलेली नाही. १४ च्या सुट्टीचं बरं आठवलं. बँका आणि मुंबई विद्यापीठाची कचेरी दोन्ही बंद. कलिन्याला ट्रान्स्क्रिप्टचं काही काम असेल तर सोमवारी उरका.

वेटलिस्टवाल्यांना मुलीने रोज लिहावं असं माझं मत. डोळ्यासमोर राहायला हवं.

माई, नौपाडा
गुरुवार, सायंकाळी ५.१५

रोज मुळीच नाही! एकदाच, आणि तेही विभागाच्या ग्रॅज्युएट स्टडीजच्या डायरेक्टरना, कोऑर्डिनेटरला प्रत ठेवून. पीएचडीच्या वेटलिस्टमध्ये बहुधा १, २, ३ असे क्रमांक नसतात. जागा उपविषयाप्रमाणे, कधी एकेका प्राध्यापकाप्रमाणे असतात. पॉलिमरवाल्याने नकार दिला तर पॉलिमरच्याच मुलाला बोलावतात, तुमची कॅटॅलिसिसची असेल तर ती तिथेच राहते. म्हणून ‘माझा नंबर कितवा’ विचारून हाती काही लागत नाही.

मेलमध्ये एवढंच: जागा मिळाली तर नक्की येईन (खरं असेल तरच लिहायचं, वेटलिस्टवाले या एका वाक्याला फार मान देतात). ज्या प्राध्यापकांकडे काम करायचं त्यांचं नाव. डिसेंबरच्या अर्जानंतर काही नवं झालं असेल तर एक ओळ, पेपर किंवा निकाल. आणि दोन प्रश्न: माझ्या उपविषयात जागेची शक्यता १५ च्या आधी कळेल का, आणि उशिरा ऑफर आली तर फंडिंग इतरांसारखंच असेल का. दुसरा प्रश्न महत्त्वाचा. उशिराच्या ऑफरीत कधीकधी पहिल्याच वर्षाची हमी असते.

वहिनी, मिनेसोटा
गुरुवार, रात्री ८.२०

माईंच्या मेलला जोडून. अर्जात इमेल कुणाचा आहे? तिकडचे काही कन्सल्टंट सगळ्या मुलांचे अर्ज स्वतःच्या इमेलवरून भरतात. वेटलिस्टवरून आलेल्या ऑफरीला कधी २४ तास असतात, कधी ४८. ती मेल त्यांच्या कचेरीत शनिवार-रविवार पडून राहिली तर जागा गेली. पोर्टलवर प्रोफाइलमध्ये जाऊन आजच बघा. स्पॅम आणि प्रमोशन्सही चाळा.

नकाराचं बटण दाबताना लेकीच्या शेजारी बसा. पुष्कळ विद्यापीठं स्लेट नावाचं एकच सॉफ्टवेअर वापरतात, त्यामुळे दोन्ही पोर्टलं जुळ्या बहिणींसारखी दिसतात. वरच्या पट्टीतलं नाव वाचायचं आणि मगच दाबायचं. चुकून नको तिथे दाबलं तर परत फिरण्याचं बटण नाही, कोऑर्डिनेटरच्या हातापाया पडावं लागतं.

नाना, कोपरी
शुक्रवार, १० एप्रिल, सकाळी ८.००

नकारासाठी बटण पुरे, की मेलही? आणि १५ ची रात्र बारा ही आपली की त्यांची? तक्त्यात साडेदहा तासांचा फरक धरलाय.

अण्णा, वाशी सेक्टर १७
शुक्रवार, सकाळी ८.३०

बटण आणि मेल दोन्ही. मेल दोन वाक्यांची, कारण सांगायची गरज नाही.

साडेदहा तास हा न्यूयॉर्कचा हिवाळ्यातला फरक. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे गेली, आता साडेनऊ. म्हणजे ईस्टर्नची (न्यूयॉर्ककडच्या पट्ट्यातली) १५ ची संध्याकाळी ५ ही आपली १६ ची पहाटे अडीच. ताईंच्या दोन्ही ऑफरी सेंट्रलच्या (मधल्या पट्ट्यातल्या) आहेत, तिथे सध्या साडेदहा, म्हणून ५ वाजले की इथे साडेतीन. पॅसिफिकला (पश्चिम किनाऱ्याला) साडेबारा तास. अ‍ॅरिझोना घड्याळ हलवतच नाही, तिथे बारा महिने साडेबारा.

पत्रात वेळ दिलेली नसेल तर कचेरी बंद होईपर्यंतची धरा, मध्यरात्रीची नको. त्यांची कचेरी सकाळी ९ ला उघडेल तेव्हा ठाण्यात १५ ची संध्याकाळ साडेसात. फोन करायचा, मेल बघायची ती तेव्हापासून. साडेसात ते अकरा वाट बघा, वेटलिस्टचं काही आलं नाही तर अकराला दुसऱ्यांना हो कळवून झोपा. पहाटे साडेतीनच्या भरवशावर राहू नका. तेव्हाच वायफाय जातं.

ताई, घोडबंदर रोड
रविवार, १२ एप्रिल, सकाळी ११.१०

सगळ्यांचे आभार. पहिल्यांनी एका ओळीत ‘१५ पर्यंत चालेल’ कळवलं. पण ती वेळ लागलीच नाही, कारण दुसऱ्यांच्या प्राध्यापकांचं उत्तर शनिवारी आलं: ग्रँट तीन वर्षांची आहे, त्यानंतर विभाग टीए देतो, आणि त्यांनी ते विभागाला प्रत ठेवून लिहिलंय. काल रात्री पहिल्यांना नकार दिला, बटण आणि मेल दोन्ही. वेटलिस्टवाल्यांच्या पोर्टलवर खरंच क्लासचा इमेल होता. बदलला.

आता एकच. १५ ला दुसऱ्यांना हो म्हटलं की ते आय-२० (व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं पत्र) पाठवतील. नंतर तिसरीकडून आलं तर व्हिसाचं काय? सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी लगेच भरू का? मुलाखतीचे स्लॉट मिळत नाहीत म्हणतात.

अण्णा, वाशी सेक्टर १७
रविवार, दुपारी १२.०५

आय-२० दोन असू शकतात, त्याने बिघडत नाही. प्रत्येकावर वेगळा सेव्हिस क्रमांक असतो, एन पासून सुरू होणारा. ३५० डॉलरची सेव्हिसची फी (आय-९०१) त्या क्रमांकावर भरली जाते. नंतर विद्यापीठ बदललं तर ती नव्या क्रमांकावर वळवून घेता येते, पुन्हा भरावी लागत नाही. डीएस-१६० (व्हिसाचा अर्ज) मात्र नव्या क्रमांकाने नवा भरायचा, आणि अपॉइंटमेंटला तो नवाच जोडायचा. बीकेसीला अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला जुन्या डीएस-१६० चं कन्फर्मेशन आणि नवा आय-२० घेऊन गेलात तर खिडकीवरून परत पाठवतात.

म्हणून १५ उलटू द्या, आठवडाभर थांबा, मग फी. दरम्यान आय-२० साठी पासपोर्टची प्रत आणि विद्यापीठ मागेल ती आर्थिक कागदपत्रं तयार ठेवा. विद्यापीठाचं फंडिंग आय-२० वरच्या खर्चापेक्षा कमी पडत असेल तर उरलेल्या रकमेचं बँकेचं पत्र लागतं. तुमच्या बाबतीत थोडं कमी पडेल असं वाटतं. १४ ला बँक बंद, सोमवारी जा.

नाना, कोपरी
रविवार, दुपारी १२.३०

तक्ता दुरुस्त करतोय. नक्की सांगा, साडेनऊ की साडेदहा?

वहिनी, मिनेसोटा
रविवार, सायंकाळी ६.४५

नाना, ईस्टर्न साडेनऊ, सेंट्रल साडेदहा. नोव्हेंबरात दोन्हीत एकेक मिळवा. आणि ती केबल सत्रानंतर आवराआवर करताना दादांच्या गाडीत गेली, डिकीत बघायला सांगा.