नवऱ्याच्या गाड्यांनी मुलीची खोली भरली. काय करू?

सावलीतली_सई
नवऱ्याला धातूच्या छोट्या गाड्या जमवायचा नाद आहे. हॉट व्हील्स, मॅचबॉक्स, सगळ्या १:६४ मापाच्या. लग्नाआधीपासूनचा छंद, आणि मला तो आवडायचा. १९६८ ते १९७७ मधल्या, चाकावर लाल रेघ असलेल्या गाड्यांबद्दल तो बोलायला लागला की ऐकत राहावंसं वाटतं, अजूनही.

पण मुलीसाठी ठेवलेल्या खोलीत आधी कपाटं भरली, मग पलंगाखाली खोकी गेली, आता पलंगावरच रचलीत. मुलगी आमच्याजवळ झोपते. पाकीट एकही फोडायचं नाही, पुठ्ठ्याला घडी पडली तर मोल गेलं. हे सगळं मी सोसलं असतं. पण त्याने एक पार्सल मला कळू नये म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं, ते फार लागलं. विषय काढला की म्हणतो, "माझा एवढा एकच विरंगुळा आहे, तोही बघवत नाही का तुला?" मग मी गप्प बसते.

त्याचा आनंद मला काढून घ्यायचा नाही. मुलीला तिची खोली हवी आहे. हा आजार असतो का? कुठून सुरुवात करू?

गॅरेजवाला
सई, मी स्वतः जमवतो, म्हणून त्याच्या बाजूने सांगतो. "कमी कर" म्हणू नका, आम्हाला ते ऐकूच येत नाही. त्याला विचारा, या गाड्या नीट राहताहेत का? खोक्यावर खोकं चढलं की खालच्या पाकिटाचा प्लास्टिकचा फुगा दबतो, दमट जागी पुठ्ठा वाकतो, खिडकीतल्या उन्हाने रंग उडतो. फार जुन्या गाड्यांत जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली असेल तर धातूला आतून तडे जातात, पुढे भुगा होतो. पलंगावर रचलेला संग्रह म्हणजे संग्रहाचीच हेळसांड, हे खऱ्या संग्राहकाला पटतं.

दुसरं, डबल किती आहेत ते बघायला लावा. एक फोडायला, एक ठेवायला म्हणून आम्ही जोडीने घेतो आणि दोन्ही तशाच पडून राहतात. डबल निघाले की खोकीच्या खोकी रिकामी होतात. मी मर्यादा आकड्याने नाही, जागेने घातली. काचेचं एक कपाट. नवी आली की एक जाते.

निरंजना
आजाराबद्दल. वस्तू साठवत राहण्याच्या विकाराला २०१३ मध्ये डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या मानसिक विकारांच्या यादीत, स्वतंत्र स्थान मिळालं, त्याआधी तो ओसीडीच्या (तेच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या विकाराच्या) पोटात धरत. तिथे नुसती संख्या बघत नाहीत. टाकून देताना जीव कासावीस होतो का आणि घरातल्या जागा ज्या कामासाठी आहेत त्यासाठी वापरता येतात का, हे बघतात. संग्राहक सहसा निवडून घेतो, लावून ठेवतो, दाखवतो. तुमच्याकडे एक खोली गेलीय, स्वयंपाकघर आणि दार मोकळं आहे ना? मग इथे बसून कुणी नाव देऊ नये. एक डबल दुसऱ्याला देतानाही तो सैरभैर झाला, तर मात्र समुपदेशकाकडे दोघांनी जा.

त्याच्या माघारी एकही गाडी टाकू नका. लपवालपवी वाढेल. आणि पार्सलपेक्षा पैशाचं आधी बोला, कर्ज किंवा उधारी आहे का एवढं स्पष्ट विचारा.

दोन_पिल्लांची_आई
मुलगी किती वर्षांची? दिसेल ते तोंडात घालायचं वय असेल तर बाकी चर्चा नंतर, जुन्या गाड्या आजच वर, बंद कपाटात. अमेरिकेत खेळण्यांवरच्या शिशाच्या रंगावर बंदी १९७८ मध्ये आली, त्याआधीच्या गाडीच्या रंगाची खात्री धरू नका. आवाज-दिव्यांची खेळणी असतील तर बटण सेल तपासा. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. शंका आली तरी थेट दवाखाना.

सावलीतली_सई
दीड वर्षाची आहे. जुन्या गाड्या काल रात्रीच वर गेल्या, मी काही बोलायच्या आत त्याने स्वतः ठेवल्या, तुमचा प्रतिसाद वाचून. कर्ज नाही, खातं उघडून दाखवलं. पार्सलचं बोलणं अजून अवघड आहे, पण सुरू झालंय. डबल खरंच निघाले, गॅरेजवाला. आता तो विचारतोय, ते पाठवताना पुठ्ठा वाकू नये म्हणून काय करायचं?

गॅरेजवाला
पारदर्शक कडक कव्हर मिळतं, त्यात एकेक घाला. खोक्यात उभ्या लावा, मधे कागद, पाकीट हलता कामा नये. यादी इथे टाकायला सांगा, मलाही बघायचीय.