तिशीनंतर उपचार? हो, घ्याच!
तोतरं बोलणाऱ्या भाच्याला थेरपीला पाठवावं का, या प्रश्नावर वर एकांनी लिहिलंय की तिशी उलटली की तोतरेपणावर उपचार घेण्यात अर्थ नाही, मेंदू पक्का झालेला असतो. मला नाही पटत. तोतरेपणा असलेल्या प्रौढांच्या मेंदूचं चित्रण केलं तर बोलताना उजवी बाजू जास्त राबताना दिसते, डावीकडचं श्रवणकेंद्र मंद. जर्मनीतल्या २००३ च्या अभ्यासात सघन थेरपीनंतर डावीकडची सक्रियता वाढली. म्हणजे मोठेपणीही मेंदू वळतो. मात्र दोन वर्षांनी पारडं थोडं पुन्हा उजवीकडे कललं, आणि खरी मेख तिथेच आहे: सराव सुटला की कमावलेलं निसटतं.

आमच्या इंदूरच्या गणेशोत्सवात माझा तोतरं बोलणारा मावसभाऊ सगळ्यांसोबत आरती खणखणीत म्हणतो, पण प्रसाद घेताना कुणी नाव विचारलं की अडकतो. (‘लाजाळू आहे हो’ म्हणणाऱ्या काकू दरवर्षी हजर!) १९९६ मध्ये फॉक्स हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लोकांकडून दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळून वाचन करवलं, तेव्हा मेंदूतली ती जादा धावपळ बरीच ओसरली होती.

तेव्हा भाच्याला जरूर पाठवा. फक्त थेरपिस्टना पहिल्याच भेटीत विचारा, कोर्स संपल्यावर पुढचं वर्षभर सराव कोण घेणार?