घाटातील रात्रीच्या प्रवासासाठी हेडलाइटमध्ये कोणता बदल करावा?

प्रश्न: सातारकर प्रवासी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे रॉयल एन्फील्डची हिमालयन 411 आहे आणि तिला मूळचाच एच-4 हॅलोजन बल्ब, म्हणजे अप्परला 60 वॅट आणि डिपरला 55 वॅट, बसवलेला आहे. काम आटोपून साताऱ्याहून निघायचे, उंब्रज आणि पाटण मागे टाकून कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरायचा आणि चिपळूण गाठायचे, हा माझा नेहमीचा रस्ता असल्यामुळे घाट बहुधा अंधारातच लागतो. डिपरवर वळणापलीकडचे काही वेळेवर दिसत नाही, पावसाळ्यात धुके असते, आणि गळीत हंगामात तर मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी उसाने भरलेली ट्रॉली अगदी जवळ गेल्यावरच नजरेस पडते.

दुकानात मला तीन पर्याय सांगितले गेले: त्याच होल्डरमध्ये एलईडी बल्ब, 100/90 वॅटचा हॅलोजन, किंवा क्रॅश गार्डवर वेगळे दिवे. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत आणि वायरिंगलाही धोका पोहोचू नये, अशा बेताने यांपैकी काय करावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: कृष्णाकाठ, कराड

तिन्ही पर्याय क्षणभर बाजूला ठेवा आणि आधी मल्टिमीटर घेऊन एक मोजमाप करा. इंजिन चालू ठेवून, थोडे रेज करून, बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्टेज पाहा. मग हेडलाइट पेटलेला असतानाच बल्बच्या सॉकेटच्या मागच्या बाजूने तेच मोजा. या दोन आकड्यांतला फरक हाच पुष्कळ गाड्यांच्या मंद उजेडाचे खरे कारण असतो, कारण हँडलवरच्या स्विचमधून आणि बारीक तारांमधून 5 अँपिअरच्या आसपास प्रवाह जाताना वाटेतच व्होल्टेज खर्ची पडते. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे बल्बपाशी 10 टक्के व्होल्टेज कमी पोहोचले तर प्रकाश सुमारे 30 टक्के घटतो. बल्ब चांगल्या कंपनीचा आहे, नवा आहे, आणि तरीही पिवळट जळतो आहे, असे दिसले की दोष बल्बला देऊ नये.

फरक अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर अप्परला एक आणि डिपरला एक असे दोन रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने चालून मोठा प्रवाह जोडणारे विजेचे स्विच, घालून घ्यावेत. बॅटरीच्या धन टोकापासून 15 अँपिअरच्या फ्यूजमधून 2.5 चौरस मिलिमीटरची तार रिलेच्या 30 क्रमांकाच्या टोकावर आणावी, 87 वरून बल्बला जावे, हेडलाइटची जुनी तार 86 वर द्यावी आणि 85 अर्थ करावे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडावे. बल्बची ऋण तारसुद्धा चांगल्या अर्थिंगपर्यंत स्वतंत्र नेली पाहिजे. हे काम मिस्त्री बहुधा टाळतात, म्हणून ते समोर उभे राहून करून घ्यावे. अशा जोडणीत हँडलच्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता प्रवाह जातो आणि स्विचचे आयुष्यही वाढते.

100/90 वॅटचा बल्ब मात्र कोणत्याही परिस्थितीत घेऊ नका. 100 वॅटला 8 अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो, आणि मूळ होल्डर, तार व रिफ्लेक्टरचा मुलामा ही सारी रचना 60 वॅटच्या उष्णतेसाठी केलेली असते.

प्रतिसाद: रात्रपाळी

माझ्या गाडीत एलईडी बल्ब आहे आणि उजेड डोळ्यांना सरळ दुप्पट जाणवतो. मला तरी काही अडचण आलेली नाही. रिलेचा एवढा खटाटोप कशासाठी करावा?

प्रतिसाद: कृष्णाकाठ, कराड

आपल्याला अडचण येणार नाही, ती समोरून येणाऱ्याला येते. एच-4 मध्ये डिपरच्या तारेखाली, म्हणजे बल्बच्या आत जळणाऱ्या फिलामेंटखाली, धातूची एक छोटी वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागाकडे जाणारा प्रकाश अडवते आणि त्यामुळेच डिपरच्या झोताला वर स्पष्ट कडा मिळते. रिफ्लेक्टरचा आकार त्या तारेची जागा मिलिमीटरच्या हिशेबाने धरून ठरवलेला असतो. एलईडी बल्बमध्ये चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात आणि त्यांची जागा व आकार त्या तारेशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून प्रकाश वाढूनही तो जिथे हवा तिथे न जाता कडेच्या वर पसरतो. चाकाजवळचा रस्ता लख्ख उजळला की डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावतात आणि दूरचे उलट कमी दिसते. डोळ्यांना जाणवणाऱ्या दुपटीचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो.

पडताळून पाहायचे असेल तर रात्री सपाट जागेवर भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करून डिपर लावा. वरची कडा रेघेसारखी न दिसता धुरकट दिसली, तर तो बल्ब त्या रिफ्लेक्टरसाठी नाही. पूर्ण प्रोजेक्टर, म्हणजे भिंगातून झोत टाकणारा वेगळा दिवा, बसवणे तांत्रिकदृष्ट्या निराळे आणि बरे, परंतु रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहन चालवणाऱ्या देशांसाठी केलेल्या प्रोजेक्टरची कडा उजव्या हाताला वर चढते, म्हणजे आपल्याकडे नेमकी समोरच्याच्या डोळ्यांत जाते. तेवढे पारखून घ्यावे लागते.

प्रतिसाद: मेढा-केळघर

कायद्याविषयी थोडेसे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 च्या निकालात हे कलम काटेकोरपणे लावले आहे. त्याखेरीज केंद्रीय नियमांत अशी अट आहे की पुढील दिव्याचा झोत इतका खाली वळवलेला असावा की 8 मीटर अंतरावर, जमिनीपासून 1.5 मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवू शकणार नाही. त्यामुळे मूळ दिवा न बदलता त्याची तार सुधारणे हा मार्ग मला सर्वांत निर्धोक वाटतो.

दुसरे म्हणजे झोताची उंची जरूर तपासा. दिवा जमिनीपासून एक मीटर उंचीवर आहे असे धरले आणि झोताला 1 टक्का उतार दिला, म्हणजे 10 मीटरवरच्या भिंतीवर कडा दिव्याच्या मध्यापेक्षा 10 सेंटिमीटर खाली ठेवली, तर ती कडा रस्त्याला 100 मीटरवर टेकते. उतार 2 टक्के झाला की तीच कडा 50 मीटरवर येते. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 16.7 मीटर जाते. ट्रॉली दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर 25 मीटर तिथेच संपतात आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला जवळपास तेवढेच आणखी लागतात. म्हणजे झोताची उंची ठरवणाऱ्या केवळ एका स्क्रूच्या फरकाने सगळी सवलत निघून जाते. ही तपासणी आपण स्वतः गाडीवर बसून आणि नेहमीचे सामान लादून करावी, कारण मागचा भाग दबला की झोत वर उचलला जातो.

सातारकर प्रवासी

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोजले असता बॅटरीवर 13.9 आणि सॉकेटवर 12.5 व्होल्ट मिळाले. दोन रिले आणि नवी अर्थिंग घातल्यावर सॉकेटवर 13.6 मिळत आहेत आणि बल्ब तोच असूनही उजेड स्वच्छ पांढरा झाला आहे. झोतही भिंतीवर लावून घेतला. आता सरळ रस्त्याची तक्रार उरलेली नाही. मात्र कुंभार्लीच्या वळणांत गाडी कलते तेव्हा वळणाची आतली बाजू अजूनही काळोखात राहते आणि धुक्याचा प्रश्न तसाच आहे. त्यासाठी वेगळे दिवे लावावेत का? आणि धुक्यात पिवळाच प्रकाश लागतो, हे खरे आहे का?

प्रतिसाद: कृष्णाकाठ, कराड

गाडी कलली की झोताची कडाही तिच्याबरोबर कलते आणि आतल्या बाजूचा उजेड रस्त्यावर लवकर संपतो, त्यामुळे तिथे रुंद पसरणारा, कमी पल्ल्याचा दिवाच उपयोगी पडतो. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, म्हणून पिवळा किरण धुके भेदतो आणि पांढरा भेदत नाही असा भेद प्रत्यक्षात होत नाही; पिवळा डोळ्यांना कमी त्रास देतो, एवढे मानता येईल. खरा फरक पडतो तो दिवा किती खाली आहे आणि त्याची वरची कडा किती स्पष्ट आहे यावर, कारण डोळ्यांसमोरचे धुके जितके कमी उजळेल तितका रस्ता अधिक दिसतो. धुक्यात अप्पर लावू नये, ते याच कारणाने.

म्हणून दोन्ही दिवे क्रॅश गार्डच्या खालच्या भागात, स्पष्ट कडा असलेले आणि प्रत्येकी 10 ते 15 वॅटचेच घ्या. स्वतंत्र रिले, स्वतंत्र फ्यूज आणि हातमोजा घालूनही अंगठ्याला सहज सापडेल असा स्विच हवा. समोरून वाहन आले की ते पहिल्यांदा बंद करता आले पाहिजेत. बसवण्यापूर्वी कार्यशाळेत आपल्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणारा भाग, किती भार पेलतो हे विचारून घ्या आणि दिवे लावल्यावर इंजिन आयडलवर असताना बॅटरीचे व्होल्टेज 13 च्या खाली उतरत नाही ना, तेही त्याच मल्टिमीटरने पाहा.