बोटीवर जेट्टीची लाईन आणि इन्व्हर्टर, चेंजओव्हर कसा करता?

बोट जेट्टीला असली की किनाऱ्यावरची २३० व्होल्टची लाईन घेतो, समुद्रात इन्व्हर्टर. प्लग काढून दुसरा घालायचो, परवा पोराने दोन्ही एकदम चालू केले आणि फाट करून इन्व्हर्टरमधून धूर. आता नवीन घेतोय, काय बसवू?

> दोन लाईनी भिडल्या की इन्व्हर्टर जातोच राव. १-०-२ वाला रोटरी चेंजओव्हर (फिरवायचा स्विच: १ किनारा, ० बंद, २ इन्व्हर्टर) टाका, डबल पोलच, फेज न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत. फिरवायच्या आधी फ्रीज बंद करा, शून्यावर जरा थांबा.

> आणि चार्जर थेट किनाऱ्याच्या लाईनवर घ्या, चेंजओव्हरच्या आधी, नाहीतर इन्व्हर्टर बॅटरी खातो आणि चार्जर तीच भरत बसतो 😀 ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) पण हवाच, डेक ओला असतो.

> अरे, माझा चार्जर लोडच्याच बोर्डावर आहे, म्हणून रात्रीत बॅटरी उतरायची होय!